लाभ, दोन, तीन

नात माझ्याकडे एकोणीस महिने राहिली. आली तेव्हा दोन वर्षं पाच महिन्यांची होती, गेली तेव्हा चार पूर्ण झाली होती. हे आकडे आठवणीतले नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरांवरून घेतले आहेत. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही.

मुलगी यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे. जावई ट्रकवर, महिन्यातून सहा-सात दिवस घरी. मुलीच्या पाळ्या बदलत्या. लेकराला सांभाळणारी शेजारीण घर सोडून दुसरीकडे राहायला गेली, आणि एका नोव्हेंबरात मुलगी दोन पिशव्या आणि लेकरू घेऊन गावात जीपमधून उतरली.

“बाबा, जूनपर्यंत फक्त,” ती म्हणाली.

कोणता जून ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एरवी मी इतका ढिला नसतो.

माझी बायको त्याच्या तीन वर्षं आधी गेली होती. आमचं गाव दारव्ह्यापासून नऊ किलोमीटर. साडेसहा एकर शेत आहे. कपाशी, सोयाबीन आणि मधून तुरीची तासं. त्याशिवाय बावीस हंगाम मी दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसलो. गाडी भरून आली की वजन, रिकामी झाली की वजन. दोन्हींतला फरक तो कापूस. नात आली त्या आठवड्यात मी काट्याचं काम सोडलं. मालक म्हणाले, “लेकरू सांभाळाले एखादी बाई लावा ना. तुमी कायले घरी बसता?” मी म्हटलं, घरात बाई होती, ती गेली. आता मीच आहे.

पहिले काही दिवस आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. लेकरांशी काय बोलावं हे मला येत नव्हतं. मुलगी लहान असताना मी सकाळी आठला काट्यावर जायचो आणि दिवा लागल्यावर यायचो. तिच्याशी जे बोलायचं ते तिची आई बोलून मोकळी झालेली असायची. गोष्टीही तिच्याकडेच होत्या. माझ्याकडे पाढे होते. म्हणून दुपारी नातीला झोपवताना मी पाढे म्हणायचो. तीसपर्यंतचे झाले की पावचा पाढा पावकी, मग अर्ध्याचा पाढा निमकी. निमकीच्या मध्यावर ती झोपायची. पुढे पुढे ती स्वतःच म्हणायची, “आबाजी, निमकी सांग.” जशी दुसरी लेकरं कोल्ह्याची गोष्ट मागतात तशी.

तीन वर्षांची झाली तेव्हा मी तिला अंगणवाडीत घालायला नेलं. अंगणवाडी आमच्या घरापासून दोनशे दहा पावलांवर, ग्रामपंचायतीच्या मागे. एक खोली, बाहेर पत्र्याची पडवी, पडवीसमोर कडुनिंब. ताई गावातलीच, माझ्या मुलीच्या वयाची. एका वर्गात नव्हत्या, पण एकाच शाळेतल्या. मदतनीस मावशी बंजारा तांड्यावरची. ती खिचडी शिजवायची आणि ताटल्या वाटताना आपल्या गोरबोलीत मोजायची. ते मोजणं बाहेर कडुनिंबाखाली मला ऐकू यायचं.

मी बाहेरच बसायचो. लेकराला दारात सोडायचं, चपला ओळीत लावायच्या आणि कडुनिंबाच्या ओट्यावर बसायचं. सुरुवातीला ती रडेल म्हणून बसायचो. ती चौथ्या दिवशी रडायची थांबली. मी बसणं सुरू ठेवलं. शेत गड्याला बटईने दिलेलं होतं, घरी जाऊन काय करायचं हा प्रश्न होता. आत कधी गेलो नाही. आत ताई, मावशी, पोरांच्या आया. तिथे माझ्यासारख्या माणसाने जाऊन बसावं असं मला वाटलं नाही, कोणी बोलावलंही नाही.

दिवाळीत मुलगी चार दिवस आली. जाताना म्हणाली, पुढच्या जूनमध्ये यवतमाळच्या शाळेत केजीत टाकायचं आहे. दिवसाच्या पाळीसाठी तिने अर्ज केला होता आणि तो मंजूर होईल असं दिसत होतं. शाळेने मार्चमध्ये लेकरू दाखवायला बोलावलं होतं.

“थोडं शिकवून ठेवजा, बाबा. मोजणं, रंग, नाव सांगणं. तिथं शहरातले पोट्टे असतात.”

मी “हो” म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला जाऊन पाटी, पेन्सिलींचा डबा आणि आकड्यांचा तक्ता आणला.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फारसे अभिमानाचे नाहीत. सकाळी चहा झाला की मी तिला पाटीपुढे बसवायचो. एक काढ. ती गोल काढायची. मी पुसायचो, तिची मूठ धरून उभी रेघ ओढायचो. तिची बोटं अजून पेन्सिल धरण्याइतकी पक्की नव्हती. ती पेन्सिल काठीसारखी मुठीत धरायची. मी रोज वहीत लिहायचो, आज किती रेघा सरळ आल्या. पहिल्या आठवड्यात सात, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात दोन. आकडा खाली चालला होता. काट्यावर असं झालं तर माणूस काटा तपासतो. मी लेकराला रागावलो. तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी ती पाटी घेऊन न्हाणीत गेली आणि बादलीत बुडवून ठेवली. मी काढली तर म्हणाली, “ते झोपलं.”

सोमवारी ताईंनी मला कडुनिंबाखालीच गाठलं.

“काकाजी, पोट्टी पेन्सिल पाह्यली का हात मागं लपवते. घरी मारता काय तिले?”

“मारत नाही. लिहायला शिकवतो.”

“कायले? तीन वर्षाचं लेकरू हाय ते, तलाठी नाई.” मग त्या थोड्या मऊ झाल्या. “हातातली ताकद यिऊ द्या आंदी. पीठ मळू द्या, शेंगा सोलू द्या, दाणे निवडू द्या. आन् बोला तिच्यासंग. तुमी जे काम करता ना, तेच तिले करू द्या. लय शिकते त्याच्यातनं.”

मला हे पटायला दोन दिवस लागले. पण आकडे माझ्या विरुद्ध होते. पाटी माळ्यावर टाकली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. सकाळी आंघोळीचं पाणी ती तांब्याने मोजून घ्यायची. भाकरीच्या पिठाचा एक गोळा तिचा. बाजारातून आणलेल्या वांग्यांतून बारीक एकीकडे आणि मोठी एकीकडे. डब्यांची झाकणं एकत्र करून टाकायची आणि कोणतं कुणाचं ते शोधायचं. हा खेळ तिनेच काढला आणि तो मला तिच्याइतका जमत नसे. मी बोलू लागलो. काय बोलायचं कळत नव्हतं तेव्हा जे करत होतो तेच बोलायचो: आता मी स्टोव्हची वात पुढे केली, आता दूध चढतंय, आता गाळणी कुठे ठेवली बरं. घरात चार वर्षांनी कुणीतरी बोलत होतं आणि ते मी होतो, याचं मला नवल वाटायचं.

जानेवारीत तूर घरी आली. बरीचशी बाजारात गेली. खायला ठेवलेली ओसरीत पसरली. आमच्याकडे पितळेची मापं आहेत, वडिलांच्या वेळची. सगळ्यांत लहान पावशेराचं ते नातीच्या हाताला बरोबर बसलं. तिला एक छोटं टोपलं भरून तूर दिली. टोपल्यातली तूर मापाने पिंपात टाकायची. दुसऱ्या दिवशी पिंपातून परत टोपल्यात. तेच धान्य, तेच माप. टोपल्यात तूर अकरा मापं होती. मी भरून दिली तेव्हा अकरा होती, हे नक्की. तिच्या मोजणीत कधी दहा यायची, कधी तेरा, कारण एक माप ती शीग लावून भरायची आणि दुसरं अर्धं. मी तोंडाने मोजायचो आणि ती माझ्यामागे म्हणायची.

लाभ, दोन, तीन, चार.

धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वडील असंच मोजायचे, त्यांचे वडीलही. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. वडील म्हणाले, राशीवर बसून एक, एकटं असं काही बोलू नये, रास नाराज होते. बावीस हंगाम मी काट्यावर किलो आणि क्विंटल लिहिले, पण घरात माप हातात घेतलं की पहिला शब्द लाभ हाच यायचा. मी म्हणतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते ताईंमुळे. त्यांनी दुपारी लेकरू माझ्या हाती देताना हसत विचारलं, “काकाजी, तुमच्या घरातला एक कुठी गेला?”

“कोणता एक?”

“आज रंगीत ठोकळे मोजून डब्यात टाकाले देल्ले तं तुमची नात म्हनते लाभ, दोन, तीन. आता पाच-सहा पोट्टे तसेच म्हनून राह्यले. माया बाप बी खळ्यात तसंच मोजे, म्हनून मले समजलं. पन यवतमाळच्या मॅडमले समजन काय? तिथं पोट्टी लाभ म्हनन बरं.”

“सांगतो तिला,” मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही.

इथे मला नीट लिहिलं पाहिजे. ताई बोलल्या त्या दिवसापासून शाळेत जायच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही एकतीस सकाळी तूर मोजली. म्हणजे एकतीस वेळा मला पहिलं माप टाकताना एक म्हणता आलं असतं. पहिल्या पाच-सहा वेळा मी खरंच विसरलो. पुढच्या काही वेळा आठवलं, पण तिचं लाभ म्हणणं इतकं गोड होतं की मोडवेना. उरलेल्या वेळा, आणि या वीसच्या वर असतील, मला आठवत होतं, गोडीचा प्रश्न नव्हता आणि तरी मी बोललो नाही. कॅलेंडरवर मार्चमधल्या त्या तारखेभोवती मुलीने दिवाळीतच गोल केला होता. मी रोज त्या गोलाकडे बघून टोपलं खाली घ्यायचो. लेकरू शाळेत नापास व्हावं असं मी कधी मनात म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

त्या दिवशी आम्ही सकाळच्या जीपने दारव्ह्याला आणि तिथून एसटीने यवतमाळला गेलो. मुलीची रात्रपाळी होती. ती दवाखान्यातून सुटून सरळ शाळेत येणार होती. शाळेत मुलाखत हा शब्द वापरत नाहीत, लेकराशी ओळख करून घेतो म्हणतात. आमचा नंबर आला तरी मुलगी पोचली नव्हती. म्हणून आत नातीबरोबर मी गेलो.

मॅडम चांगल्या होत्या. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला उलटं वाटेल. त्या खाली सतरंजीवर बसल्या. नाव विचारलं, तिने सांगितलं. रंग विचारले, सगळे बरोबर. पोपटी आणि हिरवा वेगळे करून दाखवले, ते मलाही सांगता आले नसते. मग मॅडमनी एका प्लास्टिकच्या वाडग्यात लाकडी मणी ओतले.

“हे मोजून ठेव बरं बेटा या डब्यात.”

नातीने मणी उचलला, डब्यात टाकला. “लाभ.” दुसरा. “दोन. तीन. चार.”

“थांब थांब. परत पहिल्यापासून. हा किती?”

“लाभ.”

“वन? एक?”

“लाभ,” ती जोरात म्हणाली. मॅडमना ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असावं.

तिसऱ्यांदाही तेच झालं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. खळ्यात पहिल्या मापाला तसं म्हणतात, एवढंच. काट्यावर मी बावीस वर्षं कुणाचा किलोभर कापूस इकडचा तिकडे होऊ दिला नाही. एकदा एका शेतकऱ्याचं वजन चुकीचं लिहिलं गेलं म्हणून सायकलने त्याच्या गावी जाऊन सांगून आलो होतो. आणि त्या सतरंजीवर मी गप्प बसलो.

मॅडमनी कागदावर काही लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, “काका, लेकरू हुशार आहे. पण मोजण्याची सुरुवात अजून पक्की नाही. वयही काठावर आहे. घाई कशाला? अजून एक वर्ष गावच्या अंगणवाडीत राहू द्या, पुढच्या वर्षी आनंदाने घेऊ.”

एक वर्ष. बारा महिने मला जसेच्या तसे मिळाले. मी नातीच्या चपला घातल्या, नमस्कार केला आणि बाहेर आलो. पावलं मोजायची माझी सवय, पण त्या दारापासून फाटकापर्यंतची पावलं मोजायला मी त्या दिवशी विसरलो.

फाटकात मुलगी धावत आली. पांढरा ड्रेस, त्यावर स्वेटर, डोळे रात्रभर जागे.

“उशीर झाला, रिलिव्हरच आली नाई. काय झालं, बाबा?”

“पुढच्या वर्षी आणा म्हणाल्या.”

“काहून?”

“मोजणं पक्कं नाही म्हणे.”

ती खाली बसली आणि लेकराच्या चपलेचा पट्टा, जो मी नीट लावला होता, तो सोडून परत लावला. लेकराने तिच्या स्वेटरची चेन खालीवर करायला घेतली.

“बरं,” ती म्हणाली. “अजून एक वर्ष.” आणि पट्ट्याकडे बघतच म्हणाली, “सोळा महिने झाले, बाबा. त्याच्यात एकाहत्तर राती झोपली मी हिच्यासंग. कॅलेंडरवर लिहून राह्यली मी. एकाहत्तर.”

ती सवय तिने माझ्याकडूनच घेतली, हे मला माहीत होतं. पण घरातल्या घरात आणखी कोणी हिशेब ठेवत असेल असं मला त्या सोळा महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. मी फक्त माझ्या सकाळी मोजत होतो.

“तू इथंच थांब,” मी म्हणालो आणि लेकराला उचलून परत आत गेलो.

मॅडमसमोर दुसरं लेकरू बसलं होतं. मी दारात उभा राहिलो आणि ते उठेपर्यंत उभाच राहिलो. मग सांगितलं. धान्य, माप, पहिलं माप, लाभ. चूक माझी आहे, मला माहीत होती आणि मी सुधारली नाही, हेही सांगितलं. का सुधारली नाही ते त्यांनी विचारलं नाही.

मॅडम हसल्या. “अरे देवा! माझ्या माहेरी राम म्हणतात.” मग नातीला जवळ घेऊन म्हणाल्या, “बरं बेटा, मणी राहू दे. आबाजींच्या शर्टाची बटणं मोज बघू.”

मी खाली बसलो. आता काय येणार हे मला माहीत होतं, म्हणून मी भिंतीवरच्या हत्तीकडे बघत राहिलो. तिने गळ्यापासून सुरुवात केली. एकेक बटण बोटाने दाबत गेली.

“एक. दोन. तीन. चार.” मग थांबली. “इथचं हरवलं. पाच.”

“आणि लाभ कुठे गेला?” मॅडमनी विचारलं.

नातीने त्यांच्याकडे असं बघितलं की इतकी मोठी बाई आणि इतकं साधं माहीत नाही. “लाभ तुरीले असते. वाटीतून डब्यात टाकलं का लाभ. बटनाले एक. बोटाले एक.” थोडा विचार करून पुढे म्हणाली, “आन् ताटल्याइले मावशीचं.”

तिने सगळं लावून ठेवलं होतं. झाकणं डब्यांना लावावीत तसं. वाडग्यातून डब्यात टाकायला दिलं, म्हणून तिने मण्यांना लाभ म्हटलं होतं. तिच्या नियमाने ते बरोबर होतं. एकतीस सकाळी मी जे तिच्यापासून लपवलं असं समजत होतो, ते तिच्याकडे होतंच. नंतर ताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी काई येगळं नाई शिकवलं. रोज हात धुतांनी बोटं मोजतो आमी. तुमी आतमधी आले असते तं दिसलं असतं. तुमी आपले बाह्यरच.”

प्रवेश झाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जावई त्यांच्या सुट्टीत येऊन तिला घेऊन गेले. दोन पिशव्या घेऊन आली होती, पाच घेऊन गेली. जीपमध्ये बसताना ती खुशीत होती, समोरच्या सीटवर बसायला मिळालं म्हणून. मी हात हलवला. तिने बघितलं की नाही ते सांगता येणार नाही. काचेवर ऊन होतं.

तेव्हापासून सात महिने झाले. यवतमाळ काही लांब नाही, सगळे म्हणतात, मीही म्हणतो. सहा वेळा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती पळत आली. सहाव्यांदा ती चित्र रंगवत होती, मान वर करून “आबाजी आले” म्हणाली आणि पुन्हा रंगवायला लागली. यात तिची चूक नाही. चार वर्षांच्या लेकराला समोर असेल ते मोठं दिसतं. मुलगी आता रोज तिच्याजवळ झोपते. रात्रींचा हिशेब ती आता लिहीत नाही, मी विचारलं होतं.

ताईंनी मला अंगणवाडीत बोलावलं. “या ना मापं घेऊन. पोट्ट्याइले मोजू द्या. आता तं आतमधी या.” मी दोनदा गेलो. आत पहिल्यांदाच बसलो. खोली बाहेरून वाटते त्यापेक्षा मोठी आहे. भिंतीवर खाली, लेकरांच्या उंचीला, हाताचे ठसे आहेत. तिचा कोणता ते मावशीने दाखवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका पोराने मला विचारलं, “ते पोट्टी कवा येते?” मी मापं पिशवीत भरली. तिसऱ्यांदा गेलो नाही. ताई अजून रस्त्यात दिसल्या की म्हणतात, मी येतो येतो म्हणतो.

काट्याच्या जागेवर आता दुसरा माणूस आहे, सगळं मशीनवर. दुपारी निमकी म्हणायला कोणी सांगत नाही. कधी मी म्हणतो, अर्ध्यावर येऊन थांबतो. तिथून पुढे इतके दिवस लागलीच नव्हती.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मुलीने फोन लावला आणि व्हिडिओवर नात आली. नेहमीचं झालं. जेवला का, काय भाजी केली. मग ती एकदम म्हणाली, “आबाजी, तूर मोजली काय?”

“मोजली.”

“किती भरली?”

“अकरा,” मी म्हणालो.

तिचं समाधान झालं, ती गेली. मी फोन ठेवला. मी तूर मोजली नव्हती. टोपलं जूनपासून कोपऱ्यात होतं, वर फडकं. माझ्या तोंडून खोटा आकडा जाण्याची ही आयुष्यातली दुसरी वेळ. पहिली वर लिहिली आहे. तिथे आकडा नव्हता, पण गप्प बसणं हाही आकडाच.

भर दुपारी ओसरीत बसून मी टोपलं पुढे घेतलं आणि पावशेराच्या मापाने मोजलं. मोठ्याने, कारण मनात मोजलं की माझं चुकतं. लाभ, दोन, तीन. नऊ भरली, वर मूठभर. पुन्हा मोजलं. नऊ.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच कशात तरी होती, एक कुत्र्याचं पिल्लू फाटकात आलं होतं. मी पिल्लाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, “मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. तूर अकरा नाही भरली. नऊ भरली.”

ती गंभीर झाली. फोन खाली ठेवला असावा, कारण मला फक्त छत दिसत होतं. तिचा आवाज येत होता, “नऊ. दहा, अकरा.” मग चेहरा आला आणि दोन बोटं आली, अगदी कॅमेऱ्याजवळ.

“मंग दोन कुठी गेले?”

मी आठवलं. थंडीत तीन-चार वेळा मी त्या टोपल्यातली तूर रात्री भिजत घातली होती आणि सकाळी घुगऱ्या शिजवल्या होत्या. मोजून घेतली नव्हती, मुठीने घेतली होती. हिशेब बरोबर जुळत होता.

“घुगऱ्या केल्या,” मी म्हणालो. “खाल्ल्या.”

“कोनी?”

“मी.”

“सगळ्या? एकट्यानं?” ती ओरडली, आणि मागे वळून आईला सांगू लागली, “आई, पाह्य ना, आबाजीनं एकट्यानंच खाल्ल्या!”

“हाव,” मी म्हणालो. “एकट्यानंच.”